साडेपंचेचाळीस वॅट-तासांचा जावई

लॅपटॉपची बॅटरी किती वेळ चालेल हे काढायला तीन आकडे पुरतात. जावई लागत नाही. हे साधं सत्य मला लातुरात अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवून कळलं नव्हतं. ते सासुरवाडीला, उमरीत, एका शुक्रवारी सकाळी कळलं.

आधी माझी ओळख. मी लातूरच्या एका क्लासमध्ये 'सर' आहे. लातुरात रस्त्यावर उभं राहून नुसतं "सर" म्हणून हाक मारली तर निम्मे लोक वळून बघतात. (उरलेले निम्मे विद्यार्थी असतात. ते गल्ली बदलतात.) भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. घराला तडे गेले आणि आमचं बिऱ्हाड कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. लाईट नव्हतीच. वडील मला अभ्यासाला टॉर्च द्यायचे, पण पान उलटताना तो बंद करायचा असा त्यांचा नियम होता. पुढे शेड गेली, त्या जागी क्लास आले, क्लासांभोवती होस्टेलं आणि मेस आल्या, पण उजेड मोजून वापरायची माझी खोड काही गेली नाही. घरात पंखा सुरू केला तरी माझ्या डोक्यात युनिट फिरू लागतात. पाहुणा फार वेळ बसला तर तो किती वॅट-तासांचा पडला हेही मी काढतो.

माझी बायको सुरेखा भूगोल शिकवते. बारा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पगार, कॉलेजला सुट्टी लागली तर पगारालाही सुट्टी. अखेर देगलूरकडच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. वयाच्या हिशोबानं ही तिची शेवटची संधी होती. कोरोनापासून त्या संस्थेला ऑनलाइन मुलाखतीची सवय लागली होती, त्यामुळे मुलाखतही लॅपटॉपवरच होती. अर्धा तास, आणि त्यात स्लाईड दाखवून एक छोटा पाठ घ्यायचा. सुरेखानं विषय निवडला होता भूकंप. स्लाईड तिनं महिनाभर बसून केल्या होत्या.

आणि नेमका तेव्हा अधिक महिना आला.

आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. पुरण भरलेले तेहतीस धोंडे करायचे, लेक-जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, कपडे करायचे. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही, नारायणाला 'नाही' म्हणायचं नाही, नारायणानं भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तर सासूनं आख्खी भाजी बदलायची. इतर वेळी घरात मला कोणी विचारत नाही, त्यामुळे ह्या महिन्याची मी तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट बघत असतो. आम्ही गुरुवारी उमरीला पोचलो, आणि संध्याकाळी सुरेखाला निरोप आला की पुढच्या आठवड्यातली मुलाखत उद्याच, शुक्रवारी अकरा वाजता आहे.

सुरेखा म्हणाली, आत्ताच निघू आणि लातूरला परत जाऊ, इथं लाईटचा काय भरवसा. मी हसलो. (हसायला नको होतं. नवऱ्याचं हसू बायका बराच काळ जपून ठेवतात.) मी लॅपटॉप उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि बॅटरीवरचं लेबल सगळ्यांना वाचून दाखवलं. अकरा पूर्णांक चार व्होल्ट, चार हजार मिलीअँपिअर-तास. घरात सासरे होते, त्यांना आम्ही मामा म्हणतो. सासूबाई म्हणजे मामी. आणि मेव्हणा बालाजी, जो मला दाजी म्हणतो आणि मी बोलत असलो की मोबाईलमध्ये बघतो.

"चार हजार मिली म्हणजे चार," मी म्हणालो. "चार गुणिले अकरा पूर्णांक चार. साडेपंचेचाळीस वॅट-तास. आता हा लॅपटॉप तासाला खातो बारा. भागा. पावणेचार तास! लाईट गेली तरी सुरेखाच्या ओळीनं सात मुलाखती होतील."

मामींनी बोटं मोडून माझी दृष्ट काढली. सुरेखा मात्र म्हणाली, "हा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. कोरोनात तुम्ही दिवसभर चार्जर लावून ह्याच्यावर शिकवलंय. लेबलावर लिहिलंय ते नवा असतानाचं. माणसाचं तरी लग्नातल्या फोटोवरून वजन सांगतात का?"

आता हा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनं शंभर टक्के बरोबर होता. बॅटरी वयानुसार आटते, लेबल आटत नाही, हे मी स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण ज्या घरात आपण नारायण आहोत तिथं बायको बरोबर निघावी हे मला पटेना. मी जाहीर केलं की उद्या सकाळी प्रयोग करू. बॅटरी पूर्ण भरायची, आठ वाजता चार्जर काढायचा, तासभर लॅपटॉप चालवायचा आणि किती टक्के उतरली ते बघायचं. नऊला पुन्हा चार्जर लावला की अकरापर्यंत परत टम्म.

मामांनी घसा खाकरला. "बापू, पण उद्या शुक्रवार हाय. नऊला..."

मी हात वर केला. वर्गात शंका विचारणाऱ्या पोराला करतो तसा. त्याच क्षणी मामींनी मामांना कोपरानं ढोसलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप बसा की. जावई बोलायलेत."

 बालाजीनं मोबाईलमधून मान वर काढली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं. मला ते सगळं दिसलं. पण माझ्या ज्ञानानं माणसं दिपली आहेत अशी माझी समजूत झाली.

शुक्रवारी आठ वाजता मी चार्जर काढला. लॅपटॉपवर माझ्याच एका व्याख्यानाचा व्हिडिओ लावला. (दुसरं कोण बघणार?) आत मामी आणि सुरेखा पुरण वाटत होत्या. गणिताप्रमाणे तासाभरात बॅटरी सव्वीस टक्के उतरायला हवी होती. सव्वाआठला ती तेवढी जवळपास उतरलेलीच होती. मला वाटलं, सुरुवातीला जरा उतरते, मग स्थिरावते. साडेआठला ती अजून उतरली. नऊला पडद्यावर आकडा होता सव्वीस. सव्वीस उतरायची होती. सव्वीस उरली होती.

पण शास्त्रज्ञाला उत्तराचा आनंद असतो, उत्तर काय आलं ह्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मी उडी मारून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगितलं की तासाभरात बारा वॅट-तास खर्च झाले आणि चौऱ्याहत्तर टक्के उतरली, म्हणजे बॅटरीत आता भरून भरून सोळाच वॅट-तास मावतात. पंचेचाळीसची सोळा झाली! प्रयोग यशस्वी!

आणि लाईट गेली.

घरात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. पंखा थांबत थांबत थांबला. मामा अंगणातून शांतपणे म्हणाले, "नऊ वाजले वाटतं."

मग मला सांगण्यात आलं की गेल्या काही महिन्यांपासून उमरीत दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी नऊला लाईट बंद होते ती संध्याकाळी पाचला येते. हे उमरीतल्या प्रत्येक गिरणीवाल्याला, पानवाल्याला आणि शाळकरी पोराला माहीत होतं. फक्त नारायणाला माहीत नव्हतं.

सुरेखा हातातलं पुरण तसंच घेऊन बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती उरलीय?"

"सव्वीस टक्के. सोळाचे सव्वीस टक्के म्हणजे चार आणि थोडं. भागिले बारा. वीस मिनिटं."

"मुलाखत अर्ध्या तासाची आहे."

"पडदा मंद केला तर नऊ वॅटवर येईल. मग..." मी हिशोब करू लागलो. वायफाय बंद ठेवलं तर किती, आवाज कमी केला तर किती, स्लाईडमधली रंगीत चित्रं काळी-पांढरी केली तर काही फरक पडेल का. रकाने पाडले, आलेख काढला. अत्यंत सुंदर उत्तर आलं. साडेअठ्ठावीस मिनिटं! मी ते सुरेखाला दाखवायला गेलो, तर तिनं उत्तर बघितलंच नाही. ती कोपऱ्यातला आकडा बघत होती. नऊ टक्के.

हा सगळा हिशोब मी त्याच लॅपटॉपवर करत होतो.

सुरेखानं लॅपटॉप माझ्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि खाटेवर ठेवला. ती म्हणाली, "आता ह्याला हात लावायचा नाही. कोणीच." 'कोणीच' म्हणताना ती फक्त माझ्याकडे बघत होती.

बालाजी पळत जाऊन कुठूनशी पॉवरबँक घेऊन आला. वीस हजार मिलीअँपिअर-तासांची. तो खुश होता: "दाजी, तुमच्या बॅटरीत चार हजार, ह्याच्यात वीस हजार. पाच लॅपटॉप चालतील बगा." आता मला गप्प बसता आलं असतं. पण समोर चूक दिसली की माझ्यातला सर जागा होतो. मी त्याला समजावलं की नुसत्या मिलीअँपिअर-तासावर जाऊ नये, व्होल्ट बघावेत. टाकीत पाणी किती आहे हे जसं महत्त्वाचं, तशी टाकी किती उंचावर आहे हेही. पॉवरबँकेतल्या सेलचे व्होल्ट साडेतीन-पावणेचार, लॅपटॉपचे अकरा. म्हणजे पाचपट नव्हे, फार तर दीडपट. आणि नव्या बॅटरीच्या दीडपट म्हणजे आमच्या म्हाताऱ्या बॅटरीच्या चौपटीहून जास्त, तेव्हा प्रश्न सुटला. व्याख्यान उत्तम रंगलं. मामांनी मान डोलावली. शेवटी बालाजीनं विचारलं, "पण दाजी, ही पिन जाईल का लॅपटॉपला?"

पिन जात नव्हती. पॉवरबँकेची चपटी, लॅपटॉपचं भोक गोल.

मग बालाजीला खाजाभाई आठवले. खाजाभाई मंडपवाले, मामांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्याकडे जनरेटर होता. पण ते सकाळीच जनरेटर घेऊन कुठल्यातरी साखरपुड्याला गेले होते. बालाजी मोटरसायकल घेऊन त्यांना शोधायला सुटला. मी खाटेकडे वळलो, सहज, लॅपटॉप ठीक आहे ना बघायला. खाट रिकामी होती.

लॅपटॉप गच्चीवर सापडला. पावसानं दडी मारली होती आणि ऊन असं की पायाला चटके बसत होते. त्या उन्हात, लोणच्याच्या बरणीशेजारी, स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर, लॅपटॉप उताणा पसरला होता. मामी शेजारी छत्री घेऊन उभ्या होत्या. छत्री त्यांनी स्वतःवर धरली होती.

"मामी, हे काय?"

"आवो, टॉर्चचे सेल उतरले की आमी उन्हातच ठिवतो न्हवं. चांगले चार दिवस चालतात. म्हटलं तुमची बॅटरी बी जरा तापू द्यावी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमाला इचारणार होते. पण तुमी बोलायले होते."

मी लॅपटॉप उचलला आणि लगेच खाली ठेवला. त्याच्यावर भाकरी भाजता आली असती.

साडेदहा वाजून गेले तेव्हा टेम्पो आला. खाजाभाई खाली उतरले, जनरेटर उतरवला, मला सलाम केला. "जावईबापू, फिकर नको. ह्या जनरेटरवर तीन लग्नं आणि एक कव्वाली झालीय." दोरी ओढली. जनरेटर खोकला. पुन्हा ओढली. तो रुसला. खाजाभाईंनी त्याला बाजूनं एक थोबाडीत दिली, आणि मग जो आवाज झाला त्यानं समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. मी चार्जर लावला. पडद्यावर चिन्ह आलं, की चार्जर जोडलेला आहे. आणि खाली बारीक अक्षरात, की चार्जिंग होत नाही.

बॅटरी फार तापली की चार्ज होत नाही. तो तिचा स्वतःला वाचवायचा उपाय असतो. मामींच्या उन्हानं ती इतकी तापली होती की आता दारात वीज येऊन उभी असताना ती तोंड उघडायला तयार नव्हती. मी तिला पेपरनं वारा घालत बसलो. जनरेटरची वायर तशीच जोडून ठेवायची, म्हणजे लॅपटॉप त्याच्यावर चालेल, एवढीच आशा उरली होती.

लॅपटॉपला नेट मोबाईलचंच, आणि मोबाईलची रेंज फक्त बैठकीतल्या खिडकीपाशी यायची, त्यामुळे मुलाखत तिथंच. आणि बैठकीतच धोंड्याचे दोन पाट आणि पुढं धोंड्यांनी भरलेलं ताट मांडलेलं, कारण मामांचं म्हणणं होतं की ओवाळणं बाराच्या आत झालं पाहिजे. मला नवे कपडे घातले होते, कपाळाला मळवट भरला होता. सुरेखानं सांगितलं, "तुम्ही पाटावर बसा. बोलू नका, मोजू नका." मी बसलो.

अकराला पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या बाई अध्यक्ष होत्या. त्यांनी नमस्कार केला आणि कपाळाला आठी घालून काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही. सुरेखानं काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी बाई मोठ्यानं म्हणाल्या, "मॅडम, आपण पिठाच्या गिरणीत आहात का?"

जनरेटर लांब न्यावा तर वायर पुरेना. खाजाभाईंनी तो बंद केला. शांतता झाली, आणि लॅपटॉप स्वतःच्या नऊ टक्क्यांवर आला. सुरेखानं शिक्षणाची, अनुभवाची माहिती दिली. पाठ सुरू केला. पहिली स्लाईड झाली. दुसऱ्या स्लाईडवर भूकवचाचा सुरेख रंगीत नकाशा होता. तो एकदा लुकलुकला आणि पडदा काळा झाला.

 मी मनातल्या मनात सव्वासात मिनिटं धरली होती. (उत्तर अगदी जुळलं. ते मी कोणाला सांगितलं नाही.) सुरेखाच्या पाठीकडे बघताना मला दिसलं की ती काळ्या पडद्यावर अजून पुढच्या स्लाईडचं बटण दाबतेय. बारा वर्षं, आणि शेवटची जागा, आणि मी काय केलं तर सकाळी आठला चार्जर काढला.

तिनं पदरानं तोंड पुसलं. स्वतःचा मोबाईल उचलला, जो तिनं रात्री, कोणतंही गणित न करता, पूर्ण चार्ज केला होता. पुन्हा मुलाखतीत शिरली आणि म्हणाली, "माफ करा, इथं वीज नाही. स्लाईड दाखवता येणार नाहीत. पाठ मी तसाच घेते." मोबाईल तिनं बालाजीच्या हातात दिला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे दोन पाट म्हणजे जमिनीखालचे दोन भाग," ती बोलू लागली. "एकमेकांना लागून आहेत. एक सरकायला बघतोय, पण मध्ये अडकलाय." माझा पाट खरंच शहाबादी फरशीच्या उंचवट्याला अडकला होता. "खाजाचाचा, ह्यांच्या पाटाला मागून ढकला. हळू."

खाजाभाईंनी ढकललं. पाट हलला नाही.

"आणखी थोडं. बघा, वरून काहीच दिसत नाही. माणसं जेवताहेत, झोपताहेत, लग्नं लावताहेत. आत ताण साठत चाललाय." तिचा आवाज जरा खाली आला. "आमच्या भागात तो असाच साठला होता. कोणाला कळलं नाही." मामा दाराशी उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. क्षणभर मीही पाटावर असल्याचं विसरलो.

"आणखी," सुरेखा म्हणाली.

खाजाभाई मंडपाचे खांब रोवणारे गृहस्थ. त्यांनी बूड टेकून रेटा दिला. पाट करकरला आणि एकदम सुटला. मी समोरच्या ताटावर, ताटासह मामींच्या पायांपर्यंत आणि तिथून पालथा. तेहतीस धोंडे खोलीभर गेले. एक देव्हाऱ्याखाली सापडला तो दिवाळीत.

"हा झाला भूकंप," सुरेखा जराही न थांबता म्हणाली. "अडकलेलं अचानक सुटतं आणि साठलेली ऊर्जा बाहेर पडते. जिथं सुटलं ते केंद्र." तिनं फरशीवर बोट दाखवलं. "आणि ही हानी." बोट माझ्याकडे आलं. मी उठायला लागलो, तर ती म्हणाली, "थांबा. अजून लहान धक्के शिकवायचे आहेत."

मोबाईलमधून हसण्याचा आवाज येत होता. पाठ संपल्यावर अध्यक्ष बाईंनी डोळे पुसत सांगितलं की त्यांनी आजवर शेकडो स्लाईड बघितल्या, पण शैक्षणिक साधन इतकं अचूक निवडलेलं पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी विचारलं, हे साधन कॉलेजला उपलब्ध होईल का?

"हो," सुरेखा म्हणाली. "घरचंच आहे."

नेमणुकीचा आदेश पुढच्या महिन्यात आला. आता सुरेखा देगलूरला कायम आहे आणि मी लातूरला. पण दरवर्षी भूकंपाचं प्रकरण आलं की तिचा फोन येतो आणि मी क्लासला सुट्टी टाकून बस पकडतो. वर्गात पाट मांडलेला असतो. माझी ओळख करून देत नाहीत, काही बोलायलाही सांगत नाहीत. मी बसतो, एक दणकट पोरगा मागून ढकलतो, मी पडतो आणि वर्गाला समजतं. इतकी वर्षं शिकवतोय. पोरांना इतक्या लवकर काही समजल्याचं मी पहिल्यांदाच बघतोय.